डावा बूट, एक नग

शेवटी आत्याला उजवा बूट जमला, आणि त्यानंतर लगेच आमचा कारखाना बंद पडला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. कारखाना धडधडीत चालू आहे, भोंगा वाजून गेलेला आहे, आत्या तिच्या शिलाईमशीनवर मान डावीकडे कलती ठेवून बसली आहे, आणि समोरच्या मशीनवर मी बसलो आहे. सगळं सुरळीत आहे. म्हणजे सगळं सुरळीत असताना आमच्याकडे जेवढी धाकधूक असते, तेवढीच आहे.

आमच्या कारखान्यात फक्त डावे बूट बनतात. नवीन माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग आमच्या तोंडाकडे बघतो, मग हसायचा थांबतो. उजवे बूट समुद्रापलीकडच्या देशात बनतात. याला कारणं दोन. पहिलं, चोरी. जोडी कोणीही पिशवीत घालून नेईल, नुसता डावा बूट नेऊन करणार काय? दुसरं, जकात. पूर्ण जोडीवर सीमेवर घसघशीत जकात बसायची. पण एकटा बूट म्हणजे कायद्याच्या भाषेत अपूर्ण वस्तू, आणि अपूर्ण वस्तूला जकात माफ. म्हणून आमचे डावे आणि त्यांचे उजवे वेगवेगळ्या जहाजांनी तिसऱ्याच एका देशात जायचे, तिथल्या एका शेडमध्ये त्यांची पहिल्यांदा गाठ पडायची, आणि मग ते जन्मभर एकमेकांशेजारी चालायचे. कित्येक लग्नं यापेक्षा कमी चौकशीवर ठरतात.

मला इथे नोकरी लागली ती मी डावरा आहे म्हणून. डाव्या बुटांना डावरी माणसं चांगली, असं तेव्हाच्या एका साहेबाच्या डोक्यात आलं होतं. त्याने सगळीकडे शोध घेतला, त्यात मी एकटाच सापडलो. पुढे तो साहेब बदलून गेला, मी राहिलो. नाव पडलं डावऱ्या. माझे बूट सुमार असतात, पण कामावर घेण्याचं कारण इतकं ठोस होतं की काढायचं कोणाला सुचलं नाही.

आत्या माझी सख्खी. आई-बाप गेल्यावर तिनेच मला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, आणि "तुझ्यामुळे केलं नाही" असं एकदाही म्हणाली नाही. "मला कोणी विचारलंच नाही, गाढवा," असं म्हणते. बुटाचा वरचा भाग शिवण्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कोणी नाही. पण वर्षानुवर्षं डावंच वळण शिवून तिचं सगळं अंग त्या वळणाने गेलंय. रस्त्याने सरळ चालायला लागली की हळूहळू डावीकडच्या दुकानात शिरते. तिथे काही घ्यायचं नसतं, मग पुन्हा बाहेर येते.

खरी पंचाईत सुट्टीच्या दिवशी. आत्याला रिकामं बसता येत नाही. खुर्चीत बसली की उजवं पाऊल जमिनीवर दाबत राहते, जणू खाली मशीनचा पायडल आहे. ठक ठक ठक. खालच्या मजल्यावरचे लोक कितीदा तरी वर येऊन सांगून गेले. हात तर कुठे ठेवावेत तेच तिला कळत नाही. मांडीवर ठेवते, उचलते, टेबलावर ठेवते, पुन्हा उचलते. शेजाऱ्यांची भांडी परत करायची राहून जावीत, तसे ते हात घरभर घेऊन फिरते. एकदा आजारपणात सक्तीची रजा मिळाली, तर तिने खिडकीचे चांगले पडदे उसवून पुन्हा शिवले. आता ते फक्त डावीकडे सरकतात.

तर आत्याची मशीनवरची खुर्ची जाऊ नये, एवढंच या गोष्टीत पणाला लागलेलं आहे. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

मग करार झाला.

कॅन्टीनच्या टीव्हीवर दोन देशांचे दोन मंत्री एकमेकांचा हात धरून हलवत होते. इतका वेळ की चहावाला म्हणाला, "सोडवा रे कोणीतरी त्यांना." दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि स्वतः एका उपड्या पेटीवर उभे राहिले.

"मित्रहो, आनंदाची बातमी! आता सीमा राहिल्या नाहीत!"

वॉचमनमामा फाटक सोडून ऐकायला आला होता. त्याने हात वर केला. "मग साहेब, मी उद्यापासून काय राखू?"

"तुम्ही तेच राखा. सीमा मालाला राहिल्या नाहीत. माणसांना आहेत."

"हां, मग ठीक," म्हणत मामा परत फाटकावर गेला.

पुढचं साहेबांनी जरा भरभर सांगितलं. पूर्ण जोडीवरची जकात आता उठली. त्यामुळे डावा इकडे आणि उजवा तिकडे ठेवण्यात कंपनीला काही राम उरला नाही. यापुढे दोन्ही बूट एकाच ठिकाणी बनणार. इकडे किंवा तिकडे. दोन्ही कारखान्यांनी एकेक जोडी नमुना म्हणून पाठवायची. ज्याचा नमुना चांगला, तो कारखाना राहील.

"आणि दुसरा?" कोणीतरी विचारलं.

"दुसऱ्याचे आभार मानले जातील."

आत्या पुढे झाली. "म्हणजे आम्ही उजवा करायचा?"

"त्यात काय बाई? डाव्याच्या उलट!"

"साहेब, तुम्ही सही उजव्या हाताने करता ना? मग डाव्याने करून दाखवा, त्यात काय!"

सगळ्यांनी माना वर केल्या. साहेबांनी खडू मागवला आणि तिथल्या तिथे पेटीवर डाव्या हाताने सही केली. उजव्या हाताने येते तितकीच वाईट आली. सगळे थोडे निराश होऊन कामाला लागले.

त्या दिवसापासून कारखान्यात कोणाचा पाय एका जागी ठरेना. पाणी प्यायला गेलेला माणूस पाणी न पिताच परत यायचा आणि पुन्हा जायचा. "तिकडच्यांना डावा जमला म्हणे!" कोणी सांगितलं, तर कोणीच नाही. "त्यांच्याकडे उजवं-डावं सगळं जमणारी माणसं आहेत म्हणे." कुठून कळलं, तर असंच. बरं, आमची भाषाही आमच्या बाजूने नव्हती. चांगला ठरतो तो उजवा ठरतो. ज्याला टाळायचं त्याला डावलतात. दोघांत डावं-उजवं करायचं म्हटलं की निकाल त्या शब्दातच लागलेला असतो, आणि आम्ही तर सगळे बिल्ल्यावर 'डावा विभाग' लावून फिरत होतो. उजवा विभाग नव्हताच. तरी बिल्ल्यावर लिहिलेलं होतं.

पहिली अडचण साच्याची. बूट ज्यावर ताणून बसवतात तो लाकडी पाय आमच्याकडे फक्त डावा. उजवा नव्याने कोरायला सुतारकाकांना सांगितलं. ते म्हणाले, समोर नग पाहिजे. मग वॉचमनमामाला स्टुलावर बसवून त्याचा उजवा पाय पुढे घेतला, कारण सगळ्या कारखान्यात तेवढाच एक पाय रिकामा होता. सुतारकाकांनी मन लावून कोरला. बघतो तर करंगळीच्या बाजूला हा एवढा फुगवटा!

"अहो काका, हे काय?"

"जे दिसलं ते कोरलं."

"ते कुरूप आहे!"

"असेल," सुतारकाका दुखावले. "मला तरी बरं वाटलं."

त्यांना समजावेपर्यंत चांगलं लाकूड संपलं होतं. तोच साचा ठेवला.

मग आत्या बसली. कातडं उजव्याचं कापलेलं, साचा उजवा, धागा नवा. तिने शिवला, ताणून बसवला, ठोकला, आणि बूट डावाच निघाला. कसा, ते मशीनलाही कळलं नाही. दुसरा केला, तोही डावा, पहिल्यापेक्षा सुबक. साहेब म्हणाले, आरसा लावा, डावं करा आणि आरशात बघा, म्हणजे उजवं होईल. त्यांनी स्वतः संडासातला आरसा काढून आणून मशीनसमोर टेकवला. आत्याने आरशात पाहिलं. बुटाकडे नाही, स्वतःकडे.

"मान किती वाकडी झाली रे माझी," ती म्हणाली. आणि आरसा उचलून परत संडासात ठेवून आली.

तिसऱ्या बुटाला ती इतकी चिडली की तिने तो मोजा उलटवावा तसा आतून बाहेर ओढला. आणि काय, उजवा झाला! फक्त कातडं आत गेलं आणि अस्तर, टाके, गाठी, सगळं जगाला दिसायला बाहेर आलं. साहेब आनंदाने टाळ्या वाजवायला लागले. "फॅशन म्हणून खपेल!" मग त्यांनी तो पायात घालून पाहिला, दोन पावलं टाकली आणि टाळ्या थांबवल्या.

घरी आत्या जेवताना घास हातात घेऊन थांबायची. पायाची ठकठक वाढली होती.

"आत्या, नाही जमला तर नाही जमला. दुसरं काम बघू."

"कुठलं?"

"कुठलंही. दुकानात उभं राहायचं."

"उभी?" तिने ताटावरून मान वर केली. "मला बसूनसुद्धा स्वस्थ बसता येत नाही, उभी काय राहणार? मशीनवर बसले की तेवढा वेळ मी कुठेतरी असते. तिथून उठले की कुठे असते ते मलाच ठाऊक नाही." मग तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. "आणि तू डाव्या हाताने जेवतोस, तुला कोण दुकानात उभं करणार? गिऱ्हाईक पळतील."

तेव्हा मला सुचलं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी सुचलं होतं, म्हणून मी सकाळपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

सकाळी मी माझी मशीन ओढत तिच्या मशीनला तोंडासमोर तोंड लावून ठेवली. "आत्या, तू शिलाईकडे बघूच नकोस. माझ्याकडे बघ. मी डावा बूट डाव्या हाताने करतो. तू समोरून मी करतो तसंच कर. मी आरसा."

"तू?" ती म्हणाली. "असला आरसा मी घरात लावला नसता."

"लावलायस. एवढी वर्षं दोन वेळ जेवायलाही घालतेस."

ती हसली नाही, पण बसली. मी डावा हात उचलला, तिने उजवा उचलला. मी कातडं माझ्या डावीकडे वळवलं, तिने तिच्या उजवीकडे. मी पायडल दाबला, तिने दाबला. सगळा विभाग काम सोडून भोवती उभा राहिला. मध्येच ती ओरडली, "टाका मोठा घेतलास!"

"तूही घेतलास!"

"तू घेतलास म्हणून घेतला, मेल्या! बारीक घे!"

मी बारीक घेतला. तिचाही बारीक आला. वळणापाशी माझा हात अडखळला, समोर तिचाही अडखळला, आणि मग तिने एकदाच माझ्याकडे बघणं सोडून मान खाली घातली. त्यानंतर माझ्याकडे बघितलंच नाही. मी आपला उगाच हात हलवत राहिलो.

बूट साच्यावरून उतरला तो उजवा. करंगळीशी फुगवटा होता, पण उजवा होता. कातडं बाहेर, अस्तर आत, टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. आत्याने तो दोन्ही हातांत धरला. आयुष्यभर पाठमोऱ्या पाहिलेल्या माणसाने एकदम वळून बघावं, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे आले होते.

"आज आवाज नाही. सगळं बरं आहे ना?"

आत्या खुर्चीत बसली होती. पाय जमिनीवर, हात मांडीवर, जागच्या जागी. "बरं आहे," ती म्हणाली. तिलाच ते विचित्र वाटलं असावं, कारण तिने त्यांना चहाला बसवलं.

आता इथपर्यंत आलोच आहोत तर चेकरकाकूंविषयी सांगायला हवं. माल पेटीत जाण्याआधी शेवटची नजर चेकरकाकूंची. पट्ट्यावरून बूट येतात, काकू ठीक तो पुढे सोडतात, खराब त्यावर खडूने फुली मारून टोपलीत टाकतात. त्यांच्या डोक्याला या कामात त्रास नसतो, हातच करतो. जावयाच्या तक्रारी सांगता सांगता त्या हजारो बूट तपासतात आणि एक वाकडा टाका सुटत नाही.

नमुन्याची जोडी त्यांच्यापुढे आली तेव्हा जावयाचंच चाललं होतं. हाताने डावा घेतला, ठीक. हाताने दुसरा घेतला, त्याचं नाक भलतीकडेच वळलेलं. फुली, टोपली. ढिगातून एक चांगला डावा उचलून त्याच्या जागी ठेवला, पेटी बंद केली, चिकटपट्टी लावली. गाडी गेली.

सगळे निघायच्या घाईत असताना आत्या टोपलीजवळ थांबली.

"काकू, हा इथे कसा?"

"खराब निघाला गं. बघ ना," काकू जाता जाता अभिमानाने म्हणाल्या, "चक्क उजवा आहे." एवढं बोलून त्या तिथेच थांबल्या. मग हळूच टोपलीच्या काठावर बसल्या आणि तोंडावर पदर धरला.

आत्या टोपलीत वाकली. बूट उचलून तिने छातीशी धरला. "रडू नको," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मीही फुलीच मारली असती."

मी फाटकाकडे पळालो. "मामा, गाडी अडवा!"

"ती कधीच गेली. आणि अडवायची नाही असं साहेबांनी सांगितलंय. सीमा राहिल्या नाहीत."

पूर्वी आमचा माल सीमेवर इतका खोळंबायचा की पेट्यांत कोळी जाळी करायचे. आता साहेब फोनवर फोन करत होते आणि पलीकडून उत्तर येत होतं, पेटी पुढे गेली, आणखी पुढे गेली, अभिनंदन, पोहोचली.

म्हणजे आमच्याकडून नमुना म्हणून दोन डावे बूट गेले. इतकं वाईट कोणाचं होत नसेल असं वाटत होतं. पण तिकडच्या कारखान्यातही एखाद्या चेकरकाकू असाव्यात, आणि त्यांनाही जावई असावा. तिकडून दोन उजवे गेले.

दोन्ही पेट्या तिसऱ्या देशातल्या त्याच शेडमध्ये उघडल्या गेल्या, जिथे आयुष्यभर फक्त जोड्या लावायचं काम चालतं. तिथल्या माणसाने दोन डावे पाहिले, दोन उजवे पाहिले, आणि मान वर न करता दोन जोड्या लावून बाजूला ठेवल्या. ते बघून कंपनीची मोठी माणसं भारावून गेली. जोडी म्हणजे काय, हे फक्त इथेच कळतं, असा अभिप्राय पडला. डाव्याचं आणि उजव्याचं, सगळं काम त्या शेडवाल्यांना मिळालं. एकही बूट न शिवता ते उजवे ठरले. आम्हा दोन्ही कारखान्यांचे आभार मानण्यात आले.

यानंतर पहिल्या वाक्यातली ती न झालेली गोष्ट झाली.

गोदामात पडून असलेला माल शेवटचा हिशेब म्हणून कामगारांना वाटला गेला, ज्येष्ठतेनुसार. आत्या सगळ्यांत जुनी, म्हणून तिला सगळ्यांत जास्त डावे बूट मिळाले. घरात आता दार उघडलं की बूट, पलंगाखाली बूट, खिडकीत बूट, सगळे एकाच बाजूला नाक करून. कोणाला विकावेत? पाहुणे आले की काढून ठेवलेली आपली जोडी शोधताना त्यांना घाम फुटतो.

मशीन त्या तिसऱ्या देशाच्या जहाजात चढवल्या त्या दिवशी आत्या बघायला गेली होती. तिची मशीनही गेली. खुर्ची मशीनला बोल्टने जोडलेली होती, ती खोलायचा कोणाला कंटाळा आला, म्हणून खुर्चीही गेली. एवढा आटापिटा खुर्ची जाऊ नये म्हणून केला, आणि ती अशी अक्षरशः गेली. समुद्रमार्गे. तिला कोणी अडवलं नाही, विचारलं नाही, फोटो काढला नाही.

"मग मीही जाते," आत्या म्हणाली. "खुर्ची तिथे आहे. बसायला कोणी लागेलच ना?"

आम्ही जकातीच्या कचेरीत गेलो. आत्याने पायात एक कंपनीचा डावा आणि एक खडूची फुली असलेला उजवा घातला होता. तिची ती पहिली पूर्ण जोडी. उजवा मामाच्या मापाचा, डावा परदेशी मापाचा, त्यामुळे चालताना दोन वेगवेगळ्या बायका येताहेत असं वाटायचं. खिडकीतल्या कारकुनाने करार उघडला.

"मशीन जाऊ शकते. सुटे भाग, धागा, कातडं, खुर्ची, सगळं जाऊ शकतं. माणूस..." त्याने पानं पुढे-मागे केली. "माणूस यात कुठे बसत नाही."

"मला बसायचंच तर आहे," आत्या म्हणाली.

"बाई, तुम्ही कुठल्याच वर्गात येत नाही. वर्गात यायचं तर अर्ज करा."

बाकावर बसून मी अर्ज लिहिला. शेजारी आत्याचा पाय पुन्हा सुरू झाला होता. ठक ठक ठक. सगळी रांग वळून बघत होती.

महोदय,

सोबत हजर असलेल्या बाईंना माणूस न समजता डावा बूट, एक नग, असे समजण्यात यावे. अपूर्ण वस्तूस जकात लागू नाही, हे आपल्याच नियमांत नमूद आहे. मान डावीकडे कललेली आहे, खात्री करून घ्यावी. वस्तू वापरलेली असली तरी शिवण पक्की आहे. उजवा बूट सोबत जोडला असून त्यावरील फुली नजरचुकीने पडलेली आहे; हवे असल्यास दोन्ही मिळून जोडी धरावी व नवीन करारानुसार सोडावे. वाहतुकीदरम्यान वस्तूचा पाय हलत राहील. त्या कारणास्तव ती सदोष ठरवून परत पाठवू नये. तिची खुर्ची ज्या जहाजाने गेली त्याच्या पुढच्या फेरीने, त्याच खुर्चीवर, ती पोहोच करण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.